फळ्यांखाली कोण आहे?

"रणगाडा कधी येतो रे?" टॅरँटिनोचा 'इन्ग्लोरियस बास्टर्ड्स' पहिल्यांदा पाहत होतो तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या मित्राने कानाशी येऊन विचारलं. चित्रपट सुरू होऊन काही मिनिटंच झाली असतील. तोवर पडद्यावर घडलं होतं ते एवढंच: एका शेतकऱ्याने लाकडावर कुऱ्हाडीचे घाव घातले, त्याच्या मुलीने दोरीवर पांढरी चादर वाळत घातली आणि एका जर्मन अधिकाऱ्याने पेलाभर दूध पिऊन गाईंची तारीफ केली. मी उत्तर दिलं नाही. मित्रालाही ते नको होतं. त्याने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

युद्धपटाकडून आपली पहिली अपेक्षा दारूगोळ्याची असते. पडदा उजळला की धूर दिसावा, कानठळ्या बसाव्यात, दहा-वीस माणसं हवेत उडावीत, म्हणजे पैसे वसूल. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. गोळीबाराने ताण वाढत नाही. पहिली गोळी सुटते त्या क्षणी तो संपतो. त्यानंतर उरते ती भीती, किळस, दुःख, कधी कधी चक्क सुटकेचा निःश्वास. ताण हा मुळात माहितीच्या वाटणीचा मामला आहे. कुणाला काय ठाऊक आहे, कधीपासून ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही कोण गप्प बसलं आहे, हा तो हिशेब. कॅमेरा, आवाज, संकलन, नटाचा चेहरा ही सगळी त्या हिशेबाची वही लिहिणारी माणसं.

हे मी शोधून काढलेलं नाही. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोने आल्फ्रेड हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तिच्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात एकदा तरी सांगितलं जातं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल, तो किती वाजता फुटणार हेही त्याला माहीत असेल, तर त्याच फुटकळ गप्पा त्याला पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसवतात. दडवण्यापेक्षा सांगण्यात ताकद जास्त, असा हिचकॉकचा सिद्धांत.

आपल्याला तो नवा वाटायचं कारण नाही. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. तेव्हापासून आजवर कुठल्या शाहिराने अंगरख्याखालचं चिलखत आणि मुठीतली वाघनखं श्रोत्यांपासून लपवून ठेवली? ती आधी सांगायची, मग शामियान्याकडे जाणारी पावलं मोजत मोजत टाकायची, डफ हळू करायचा आणि मिठीच्या आधी थांबायचं. शेवट तर पोराटोरांनाही पाठ असतो, तरी अंगावर काटा येतो. ताणाला शेवट माहीत नसण्याची गरज नसते. त्याला हवं असतं ते आपलं असहाय असणं. आपल्याला दिसतंय, कळतंय, पण मध्ये पडता येत नाही.

टॅरँटिनोचा तो पहिला प्रसंग हिचकॉकचं उदाहरण जणू शब्दशः उचलतो: टेबल आहे, दोन माणसं आहेत, गप्पा आहेत. पण तो उदाहरणाचा क्रम बदलतो, आणि माझ्या मते त्या प्रसंगाचं सगळं मोठेपण त्या बदलात आहे.

साल १९४१, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. हिरवंगार कुरण, टेकाडावर दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या पेरिए लापादीतचं घर. मुलगी चादर दोरीवर टाकते आणि चौकट पांढऱ्या कापडाने भरून जाते. त्याच वेळी इंजिनाची घरघर ऐकू येते. आधी आवाज, मग दृश्य. ती चादर बाजूला सारते तेव्हा लांबवर, वळणाच्या रस्त्यावर एक मोटार आणि मोटारसायकली दिसतात. पडदा बाजूला करून नाटक सुरू करण्याची ही जुनीच युक्ती, फक्त पडदा धुण्यातला आहे. माळ मोकळा, रस्ता लांब. पाहुणा येताना बराच वेळ दिसत राहतो. म्हणजे पळायला वेळ आहे. तरी बाप पळत नाही. घाम पुसत ओंडक्यावर बसतो, मुलीला तोंड धुवायला पाणी आणायला सांगतो, मग घरात जा म्हणतो, आणि वर बजावतो की धावायचं नाही. हे 'धावायचं नाही' नीट ऐकून ठेवावं.

याच्या मागे वाजतंय ते एनिओ मोरिकोनेचं संगीत, १९६६ सालच्या 'द बिग गनडाउन' या इटालियन वेस्टर्नमधून जसंच्या तसं उचललेलं. त्याच्या पोटात बेथोव्हनची 'फ्यूर एलीज' आहे, खेळण्यातल्या पियानोपासून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत सगळीकडे झिजून गेलेली ती धून. जर्मन पियानो आणि वेस्टर्नमधली गिटार एकमेकांत गुंफली की कान ओळखतो: सुसंस्कृत घरातला मारेकरी येतो आहे. सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये माळावरच्या एका घरावर अशीच धाड येते. आपल्याला ती 'शोले'तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडातून ठाऊक आहे. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पींनी ती तिथूनच घेतली. टॅरँटिनोने पहिल्या प्रकरणाला 'कोणे एके काळी' अशा चालीचं नाव देऊन उसनवारी जाहीरच केली आहे. आपल्याकडच्या उसनवारीला तेवढा प्रामाणिकपणा क्वचित सुचतो, पण तो विषय वेगळा.

कर्नल हान्स लांडा घरात येतो. ख्रिस्टोफ वॉल्ट्झने हा माणूस इतका आर्जवी केला आहे की त्याच्यापुढे आपल्यालाच अजागळ वाटावं. दारू नको, दूध द्या. मुलींचं कौतुक. मग, दोघांनाच बोलायचं आहे, मुलींना जरा बाहेर पाठवाल का? सगळ्या वाक्यांना विनंतीचं वेष्टण आणि नकाराला कुठेही जागा नाही. तो टेबलावर कागद पसरतो, शाई काढतो, पेन सरळ ठेवतो, आणि परिसरातल्या ज्यू कुटुंबांची चौकशी सुरू होते: नावं काय, माणसं किती, वयं काय.

समीक्षक बहुधा या कागदपत्रांवरून पुढे सरकतात. मला तो या प्रसंगातला सगळ्यात खरा भाग वाटतो. इतिहासातली शिकारही अशीच झाली. १९४० च्या शरदात पॅरिस आणि त्याच्या परिसरातल्या ज्यूंना पोलिसांकडे नोंदणी करायला लावली गेली आणि सुमारे दीड लाख लोकांची कार्डं तयार झाली. नावानुसार, रस्त्यानुसार, धंद्यानुसार लावलेली. ती रचणारे कारकून फ्रेंच होते. जुलै १९४२ मधल्या मोठ्या धरपकडीत पॅरिसमधून सुमारे तेरा हजार माणसं उचलली गेली, तीही फ्रेंच पोलिसांनी, याद्या हातात धरून. फ्रान्समधून छावण्यांकडे पाठवलेले ज्यू सुमारे ७६,०००; परतले ते अडीच हजारांच्या आसपास. लांडा शाईत निब बुडवतो तेव्हा मला पिस्तुलाहून ती दौत जास्त भीतीदायक वाटते.

आता क्रमाकडे येऊ. या सगळ्या वेळात आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. शेतकरी खिन्न आहे, सावध आहे, एवढंच दिसतं. लांडा नावं विचारत असतो, लापादीत मोजूनमापून उत्तरं देत असतो, आणि कॅमेरा टेबलाभोवती सावकाश फिरायला लागतो. मग तो खाली उतरतो. शेतकऱ्याच्या पायांपाशी, जमिनीच्या फळ्यांपाशी, आणि फळ्यांतून आरपार खाली. तिथे अंधारात माणसं आडवी पडली आहेत. तोंडावर हात, फटींतून पडणाऱ्या उजेडाच्या रेघा, उघडे डोळे. ज्या द्रेफ्यू कुटुंबाची वयं वर वहीत लिहिली जात आहेत, ते हे कुटुंब.

हिचकॉकच्या नियमाने हा शॉट अगदी सुरुवातीला यायला हवा होता. टॅरँटिनो आणि त्याची संकलक सॅली मेंकी यांनी तो प्रसंगाच्या साधारण मध्यावर ठेवला. त्याने काय साधलं? आधी पाहिलेली सगळी मिनिटं आपण मनातल्या मनात पुन्हा पाहतो. घाम पुसणं, तोंड धुणं, 'धावायचं नाही', मुली बाहेर जाताना बापाने न वळवलेली मान. त्या प्रत्येक क्षणी फळ्यांखाली ती माणसं होती. आपण दूध पिणाऱ्या पाहुण्याच्या गमती ऐकत होतो तेव्हाही होती. ताण एरवी पुढे पाहतो, काय होईल म्हणून. इथे तो उलटा मागे धावतो आणि होऊन गेलेल्या वेळेत जाऊन बसतो. खोलीत ही गोष्ट माहीत नसलेली माणसं फक्त आपणच होतो, हेही हळूहळू कळतं. शेतकऱ्याला माहीत होतं, त्याच्या मुलींना माहीत होतं. आणि लांडाला? तो उंबरठा ओलांडतानाच सगळं जाणून होता, अशी माझी तरी खात्री आहे. हिचकॉकच्या टेबलावरच्या माणसांना बॉम्बचा पत्ता नसतो. इथे दोघांनाही आहे, आणि दोघंही गाईंबद्दल बोलत आहेत.

कॅमेऱ्याची ती हालचाल आणखी एक गोष्ट करते. फळ्यांतून आरपार जाणं कुठल्याच पात्राला शक्य नाही. त्या नजरेने आपण खाली गेलो की आपली बाजू ठरून जाते, आपल्याला न विचारता. त्यानंतर थिएटरात कुणी खोकलं तरी राग येतो, कारण गप्प राहण्याच्या कटात आता आपणही सामील आहोत.

भाषेचा डाव तर त्याहून बेरकी आहे. संभाषण फ्रेंचमध्ये सुरू होतं. मग लांडा म्हणतो की माझं फ्रेंच इथे संपलं, आपण इंग्रजीत बोलूया का? प्रेक्षक मनातल्या मनात हसतो. अमेरिकी चित्रपट आहे, उपशीर्षकं वाचायला कंटाळणाऱ्या प्रेक्षकासाठी ही सोय केली, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. हॉलिवूडमध्ये नाझी इंग्रजीतच ओरडतात आणि आपल्या सिनेमात इंग्रज अधिकारी मोडक्या हिंदीत लगान मागतो. असल्या संकेतांकडे आपण डोळेझाक करायला शिकलेलो असतो. टॅरँटिनो नेमक्या त्या डोळेझाकीत सुरा लपवतो. इंग्रजी निवडली ती प्रेक्षकासाठी नव्हेच; फळ्यांखालच्यांना ती कळत नाही म्हणून. शेतकऱ्याला बोलतं करायचं, त्याच्या तोंडून कबुली घ्यायची, फळ्यांवर बोट ठेवून घ्यायचं, आणि हे सगळं ज्यांच्या मरणाबद्दल आहे त्यांच्या डोक्यावर, त्यांना ऐकू येत असताना. मुलांना कळू नये म्हणून मध्यमवर्गीय मराठी घरात आईबाप इंग्रजीत कुजबुजतात, तसं. काम झाल्यावर लांडा पुन्हा फ्रेंचवर येतो, मोठ्या आवाजात निरोप घेतो. खाली पडलेल्यांना वाटतं, गेला. दारातून शिपाई आत येत असतात.

मध्ये तो पाइपाचा विनोद आहे. शेतकरी आपली साधी चिलीमवजा पाइप ओढत असतो. लांडा परवानगी मागून खिशातून प्रचंड वाकडी कॅलाबॅश काढतो, शेरलॉक होम्सच्या चित्रांतली. प्रेक्षक फसकन हसतो. हसला की स्नायू ढिले पडतात, आणि नेमका त्यानंतर लांडाचा चेहरा बदलतो. त्याचं स्मित मावळतं, चौकट आवळत जाते, दोघांचे चेहरे पडदा भरतात. दनी मेनोशेच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, डोळ्यांत पाणी जमतं. ते गालावर उतरायला जेवढा वेळ घेतं तेवढा वेळ मेंकी त्याला देते. संभाषणाच्या बहुतेक भागाला संगीत नाही. ते परत येतं आणि फळ्यांच्या ढलप्या उडायला लागतात, तेव्हा ताण संपलेला असतो. मी तर म्हणेन, शेतकऱ्याने 'हो' म्हटलं तेव्हाच संपला होता. बंदुका फक्त पुढची कामं उरकतात.

त्याच सुमाराला आलेल्या कॅथरिन बिगेलोच्या 'द हर्ट लॉकर'ची सुरुवात याच्याशेजारी ठेवून पाहावी. २००४ चा बगदाद, आणि इथे बॉम्ब उपमेतला नाही, रस्त्यावर पडलेला खराखुरा आहे. लपवाछपवी काही नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. मग ताण कुठून येतो? बिगेलोने माहितीचं दुसरं टोक अंधारात ठेवलं आहे: तो उडवणार कोण? पहिली दृश्यं जमिनीलगत खडखडत जाणाऱ्या यंत्रमानवाच्या कॅमेऱ्यातून दिसतात, भुरकट, अर्धवट. मग बॅरी अ‍ॅक्रॉइडचे हातात धरलेले कॅमेरे गच्च्यांवर, खिडक्यांत, दुकानांच्या दारांत भिरभिरतात. तिथे माणसं उभी आहेत. बघे आहेत की पाळतीवरचे? यंत्रमानवाच्या गाड्याचं चाक निखळतं, सैनिक थट्टा करतात, आणि सार्जंट जाडजूड सूट चढवून स्वतः चालत जातो. तेवढ्यात खाटकाच्या दुकानापाशी एका माणसाच्या हातात मोबाइल दिसतो. त्याच्याविषयी वाईट काही आपल्याला माहीत नाही. फोनच तर आहे. कॅमेऱ्याने त्या सैनिकांचा संशय आपल्या डोळ्यांत भरला आहे, आणि त्या शहरातला प्रत्येक रहिवासी आपल्याला आता संभाव्य मारेकरी दिसतो. हे कौशल्य आहे आणि मला ते अस्वस्थ करतं. ज्यांच्या गल्लीत परके सैनिक घुसले आहेत ती माणसं त्या प्रसंगात फक्त धोका म्हणून उरतात. त्यांचा ताण कुठल्याच कॅमेऱ्याने मोजलेला नाही.

स्फोट मात्र मी कधी विसरणार नाही. अतिसंथ गतीत जमिनीवरची खडी उचलली जाते, जुन्या मोटारीवरचा गंज धुरळ्यासारखा सुटतो. आगीचा लोळ दाखवून दिपवण्याऐवजी बिगेलो धक्क्याची लाट दाखवते. मरतो तो गाय पिअर्स, त्या वेळी त्या तुकडीतला प्रेक्षकांना सगळ्यांत ओळखीचा चेहरा. हिचकॉकनेच 'सायको'मध्ये जॅनेट ली मधेच मारून शिकवलेला धडा: नामांकित नट मेला की पुढे कुणाच्याच जिवाची हमी राहत नाही.

नोलनच्या 'डंकर्क'मध्ये (२०१७) तिसरी तऱ्हा आहे. तिथे कुणालाच काही माहीत नाही. ओसाड गल्लीतून सहा सैनिक चालले आहेत, आकाशातून कागद तरंगत येतात: तुम्हाला आम्ही घेरलं आहे. एकजण नळीतून पाणी पितो, एकजण विझलेली थोटकं शोधतो. गोळ्या सुरू होतात, त्या कुठून येतात ते कधीच दिसत नाही. पाच पडतात, एक पळतो, आणि फ्रेंच अडथळ्यापाशी त्याच्यावर मित्रच गोळ्या झाडतात, तो इंग्रज आहे हे ओरडून सांगेपर्यंत. पुन्हा भाषाच. हान्स झिमरच्या संगीतात नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक आहे आणि शेपर्ड टोन नावाची एक श्रवणभूल आहे. गवई सूर चढवत नेतो आहे, आता तार षड्ज लागेल असं वाटत राहतं आणि तो कधीच लागत नाही, असं काहीसं. परिणाम जबरदस्त, पण खरं सांगायचं तर अर्ध्या तासाने माझे कान त्याला सरावले. माहितीशिवायचा ताण फार काळ टिकत नाही; त्याला आवाज वाढवत राहावं लागतं. शिवाय त्या किनाऱ्यावर खरोखर हजर असलेली काही माणसं चौकटीतच नाहीत. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून गेलेल्या भारतीय खेचर-तुकड्या डंकर्कच्या माघारीत होत्या. नोलनच्या गर्दीत त्या मला दिसल्या नाहीत.

आणि 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'? ओमाहा किनाऱ्यावरच्या त्या रक्तपाताला युद्धपटातली सर्वश्रेष्ठ सुरुवात म्हणण्याची रीत आहे. सुरुवात मुळात कबरस्तानातली आहे, हे बहुतेक जण विसरतात. किनाऱ्यावरची ती वीस-पंचवीस मिनिटं अचाट आहेत यात वाद नाही: कमी उघडणाऱ्या शटरमुळे तुटक झालेली हालचाल, भिंगांवरचा लेप काढून फिके केलेले रंग, संगीताला पूर्ण रजा. पण त्यांतला ताण होडीतल्या एक-दोन मिनिटांत आहे. कॅप्टनचा थरथरणारा हात, ओकाऱ्या, इंजिनाची धडधड, बंद दार. दार पडतं आणि पुढे भयंकर असं जे आहे त्याला दुसरा शब्द हवा. तो ताण नव्हे. कत्तल पाहताना आपण 'आता काय होईल' असं विचारत नाही. 'हे कधी थांबेल' असं विचारतो.

युद्धाचं असं कसबी चित्रण म्हणजे युद्धाची मजा घेणंच, असा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. लांडा आपल्याला आवडतो, ही शरमेची गोष्ट खरीच. माझं उत्तर अर्धवट आहे. तोफांची आतषबाजी प्रेक्षकाला निदान पाहुणा ठेवते, फटाके बघायला आलेला. फळ्यांचा प्रसंग त्याला घरातला माणूस करतो आणि मग विचारतो की तू कबूल झाला असतास का. लापादीतला तीन मुली आहेत. आणि युद्ध दाखवायला तोफा लागतातच असंही नाही: विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' कादंबरीत एकही लढाई नाही. बोटीवरची माणसं आहेत, आणि युरोपातून हाकललेले ज्यू आहेत. १९३९ साली मराठी वाचकाने तेवढ्यावरून युद्ध ओळखलं होतं. चित्रपटाच्या प्रेक्षकाला तेवढंही पुरत नाही, असं कुठल्या निर्मात्याने ठरवलं?

टॅरँटिनोने पुढे स्वतःच ही समज सोडून दिली, हे मात्र माझं गाऱ्हाणं आहे. तळघरातल्या दारूच्या गुत्त्यातला प्रसंग सोडला तर उरलेला चित्रपट पहिल्या प्रकरणाच्या उधारीवर जगतो, आणि शेवटी चित्रपटगृह पेटवून हिशेब चुकता केल्याचा आव आणतो.

मार्च २०१० च्या ऑस्कर समारंभात संकलनासाठी 'इन्ग्लोरियस बास्टर्ड्स' आणि 'द हर्ट लॉकर' या दोन्ही चित्रपटांना नामांकन होतं. ते पारितोषिक 'द हर्ट लॉकर'ला मिळालं. सॅली मेंकी 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'पासून टॅरँटिनोचे चित्रपट कापत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, लॉस एंजेलिसच्या कडक उन्हात टेकड्यांवर फिरायला गेली असताना ती वारली. 'इन्ग्लोरियस बास्टर्ड्स' हा तिने टॅरँटिनोसाठी कापलेला शेवटचा चित्रपट.